अंगठी आणि रुमाल: नाटकांवरील निबंधांविषयीं कांहीं विचार

साहित्याच्या वर्गांत अभिजात नाटकांवर जे परीक्षणात्मक निबंध लिहिले जातात, त्यांची एक ठराविक घडण होऊन बसलेली आहे. आरंभीं नाटककाराचा काल व त्याची थोरवी. मग कथानकाचा सारांश. मग नायक, नायिका व खलपुरुष यांचीं स्वभावचित्रें. त्यापुढें रस, अलंकार व भाषाशैली. आणि शेवटीं सदर नाटक जगाच्या वाङ्मयांत अजरामर झालें आहे असा निर्वाळा. निबंध कालिदासावर असेल तर गटे या जर्मन कवीनें केलेल्या स्तुतीचा उल्लेख यावयाचाच. शेक्सपिअरवर असेल तर मानवी मनाच्या अथांगपणाचा उल्लेख टळावयाचा नाहीं. विद्यार्थी बदलतात, नेमलेलीं नाटकें बदलतात, परीक्षक बदलतात. निबंध मात्र आहे तेथेंच आहे.

हा प्रश्न केवळ परीक्षार्थ्यांचा आहे, घरच्या वडील मंडळींनीं त्यांत लक्ष घालण्यासारखें कांहीं नाहीं, असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. महाविद्यालयांत जाणाऱ्या मुलामुलींचा कालिदासाशीं किंवा शेक्सपिअरशीं पहिला, आणि पुष्कळदां शेवटचा, परिचय या निबंधाच्या द्वारेंच होतो. त्या वेळीं जी वाचण्याची संवय लागते तीच पुढें जन्मभर टिकते. शिवाय आतां जुन्या मार्गदर्शिकांच्या जोडीस संगणक आला आहे. त्याला प्रश्न घातला कीं वर सांगितलेल्या घडणीचा निबंध तो क्षणार्धांत लिहून देतो, आणि तो बहुधा विद्यार्थ्याच्या निबंधापेक्षां शुद्धहि असतो. मग माणसानें अशा कामीं कां झिजावें, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात, व तो रास्त आहे. निबंध म्हणजे ठरलेल्या मतांची पुनरुक्ति असेल तर त्यासाठीं झिजूं नये हेंच खरें. परंतु निबंध म्हणजे पुरावा पाहून स्वतः न्याय करण्याचा अभ्यास असेल, तर व्यायामाप्रमाणेंच तोहि दुसऱ्याकडून करवून घेतां येत नाहीं. हा दुसरा अर्थ कसा साधावा, हें दोन नाटकांच्या आधारें दाखविण्याचा आमचा विचार आहे.

हीं दोन नाटकें म्हणजे ‘अभिज्ञानशाकुंतल’ आणि ‘ऑथेल्लो’. दोन्ही मराठी वाचकांच्या परिचयाचीं आहेत. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं पुण्यास ‘शाकुंतल’ संगीतासह रंगभूमीवर आणलें आणि मराठी संगीत नाटकाचा पाया घातला. ‘ऑथेल्लो’चें भाषांतर महादेवशास्त्री कोल्हटकरांनीं १८६७ सालीं केलें, व पुढें १८९० त देवलांनीं त्याच नाटकावरून ‘झुंझारराव’ रचलें. एक नाटक सुखान्त, दुसरें दुःखान्त. दोहोंच्या कर्त्यांमध्यें हजार वर्षांहून अधिक अंतर. तरी दोन्हींत नवऱ्यानें बायकोला दिलेली एक लहानशी वस्तु हरवते, आणि ती हरवल्यामुळें एका निरपराध स्त्रीचा भर सभेंत किंवा बंद शयनगृहांत अन्यायानें निवाडा होतो. एकींत ती वस्तु अंगठी आहे, दुसऱ्यांत रुमाल.

प्रथम ‘शाकुंतला’वरील निबंधांत हमखास आढळणारें एक वाक्य घेऊं: दुष्यंताच्या चारित्र्यास कलंक लागूं नये म्हणून कालिदासानें दुर्वासाच्या शापाची योजना केली. हें मत निराधार नाहीं. महाभारताच्या आदिपर्वांतील कथेंत शापहि नाहीं व अंगठीहि नाहीं. तेथें राजाला सर्व आठवत असतें, आणि तो लोकापवादाच्या भयानें शकुंतलेस नाकारतो. आकाशवाणी झाल्यावर मग स्वीकार करतो. कालिदासानें हा राजा बदलला, हें कोणासहि दिसेल. परंतु विद्यार्थी हें वाक्य लिहितो आणि तेथेंच थांबतो. राजा निर्दोष ठरला, नायक धीरोदात्त ठरला, प्रकरण मिटलें. खरें म्हणजे येथूनच परीक्षणास आरंभ व्हावयाचा असतो. शापानें राजाला किती सोडविलें आणि किती सोडविलें नाहीं, हा तो प्रश्न. आणि त्याचें उत्तर कोणाच्या ग्रंथांत शोधण्यापूर्वीं नाटकांतच शोधलें पाहिजे.

नाटक काय सांगतें तें पाहूं. शाप चौथ्या अंकाच्या आरंभीं होतो. त्याच्या कितीतरी आधीं, दुसऱ्या अंकाच्या अखेरीस, राजा विदूषकास राजधानीस परत पाठवितो. हा बडबड्या ब्राह्मण अंतःपुरांत कांहीं बोलून बसेल या भीतीनें जातां जातां तो त्याला सांगतो कीं, त्या तपस्विकन्येविषयीं मीं जें बोललों तें सारें थट्टेचें होतें, खरें मानूं नकोस. सहाव्या अंकांत अंगठी सांपडल्यावर हाच राजा त्याच विदूषकाला विचारतो कीं, तूं तरी मला आठवण कां दिली नाहींस. आणि विदूषक उत्तर देतो कीं, तुम्हीच ती थट्टा असल्याचें सांगितलें होतें. म्हणजे या विवाहाची माहिती होऊं शकेल असा राजधानींतील एकुलता एक साक्षी राजानें स्वतःच्या हातानें गप्प केला होता, आणि तो शापाच्या आधीं. दुर्वासानें राजाची स्मृति हिरावली. साक्षी मात्र त्यानें हिरावला नाहीं.

पाचव्या अंकाचा आरंभ असाच अर्थपूर्ण आहे. हंसपदिकेच्या गाण्यांत राजाच्या भ्रमरवृत्तीवर ठपका आहे. राजाला तो कळतो, आणि तिची समजूत घालण्यास तो विदूषकाला पाठवितो. त्यामुळें शकुंतला दरबारीं येते त्या वेळीं विदूषक तेथें नसतो. एका विसरलेल्या प्रेमाच्या समजुतीसाठीं गेलेला माणूस दुसऱ्या विसरलेल्या प्रेमाच्या निवाड्यास मुकतो. हा योगायोग नाटककारानें उगाच घातला नसावा. पुढें त्याच दरबारांत राजा शकुंतलेस ओळखत नाहीं, येथपर्यंत शाप त्याचा कैवार घेईल. परक्याची स्त्री असेल या शंकेनें तो तिला स्वीकारीत नाहीं, येथपर्यंत धर्महि त्याचा कैवार घेईल. पण त्यापुढें जाऊन स्त्रीजातीच्या उपजत कावेबाजपणाविषयीं तो जें बोलतो, तें बोलण्याची आज्ञा कोणत्याहि शापानें केलेली नव्हती.

येथें प्रामाणिक निबंधकारानें उलट बाजूचा पुरावाहि मांडला पाहिजे. हंसपदिकेचें गाणें ऐकून राजा अकारण उदास होतो. कोणा प्रियजनाचा विरह नसतांहि मन कां हुरहुरतें हें त्याला समजत नाहीं. म्हणजे त्याचें हृदय कोरडें नाहीं. स्मृति गेली तरी तिची जखम उरली आहे. शिवाय सहाव्या अंकांत तो जो पश्चात्ताप करतो तो शापाची बातमी नसतांना करतो. शापाचा उलगडा त्याला सातव्या अंकांत मारीच ऋषींकडून होतो. प्रेक्षकांना चौथ्या अंकापासून ठाऊक असलेली सबब राजाला जवळजवळ शेवटपर्यंत ठाऊक नाहीं. म्हणून तो आपला अपराध पुरतेपणीं आपल्याच माथीं घेतो. आमच्या मतें शापाची खरी करामत ही आहे. त्यानें राजाचा दोष पुसला नाहीं. तो दोष राजाला निमूटपणें भोगावयास लावला, आणि आम्हां प्रेक्षकांना मात्र त्याच्याविषयीं क्षमाबुद्धि राखण्यास जागा ठेवली. आतां पहिल्या वाक्याशीं हा निष्कर्ष ताडून पाहावा. मूळ वाक्य खोटें ठरलें नाहीं. तें अपुरें होतें, आणि किती अपुरें होतें हें आतां मोजून सांगतां येतें.

‘ऑथेल्लो’कडे वळलें असतां विद्यार्थ्यांच्या निबंधांत दुसरा दोष दिसतो, तो शिक्का मारण्याचा. ॲरिस्टॉटलनें शोकान्तिकेच्या नायकाच्या हातून घडणाऱ्या प्रमादाची गोष्ट सांगितली. ती पुढें पाठ्यपुस्तकांत ‘नायकाचा स्वभावदोष’ या रूपानें उतरली, आणि ऑथेल्लोच्या नांवापुढें ‘मत्सर’, मॅक्बेथच्या नांवापुढें ‘महत्त्वाकांक्षा’, हॅम्लेटच्या नांवापुढें ‘दीर्घसूत्रीपणा’ असे शब्द औषधाच्या बाटल्यांवरील चिठ्ठ्यांप्रमाणें चिकटविण्यांत आले. ऑथेल्लो मत्सरी होता म्हणून त्यानें बायकोला मारलें, असें म्हणण्यांत स्पष्टीकरण काय झालें? मत्सर कसा उत्पन्न झाला, तो कोणत्या पुराव्यावर पोसला, आणि तो पुरावा कोणी तपासला नाहीं, हेंच तर नाटक आहे.

त्या पुराव्याची हकीकत अशी. तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशांत ऑथेल्लोचें डोकें दुखत असतें. डेस्डेमोना आपल्या रुमालानें तें बांधूं पाहते. तो रुमाल लहान पडतो म्हणून ऑथेल्लो तो बाजूस सारतो, आणि रुमाल खालीं पडतो. तोच रुमाल त्यानें तिला प्रेमाची पहिली भेट म्हणून दिलेला असतो. दोघेंहि तसेंच निघून जातात. म्हणजे तो रुमाल ऑथेल्लोच्या डोळ्यांदेखत, त्याच्याच हाताच्या झटक्यानें पडला. एमिलिया तो उचलते व नवऱ्याच्या, म्हणजे इयागोच्या, हातीं देते. त्याच प्रवेशांत थोड्या वेळानें ऑथेल्लो इयागोपाशीं डोळ्यांना दिसेल असा पुरावा मागतो. मागणी योग्य आहे; न्यायाधीशाला शोभण्यासारखी आहे. पण मिळतें काय? प्रथम कॅसिओनें झोपेंत बडबडल्याची ऐकीव गोष्ट, आणि मग तसलाच एक रुमाल कॅसिओच्या हातीं पाहिल्याचें इयागोचें सांगणें. डोळ्यांचा पुरावा मागणारा मनुष्य कानांच्या पुराव्यावर संतुष्ट होतो. आणि जें त्यानें खरोखर डोळ्यांनीं पाहिलें होतें, रुमाल पडतांना, तें त्याला आठवत नाहीं. येथें कोणा दुर्वासाचा शाप नाहीं.

टॉमस रायमर या इंग्रज टीकाकारानें १६९३ सालीं या रुमालाची यथेच्छ टवाळी केली. एवढ्याशा फडक्यावरून एवढा अनर्थ त्याला हास्यास्पद वाटला. विद्यार्थी रायमरला मूर्ख म्हणून मोकळे होतात. त्यापेक्षां त्याची शंका खरी मानून तिला नाटकांतून उत्तर द्यावें, तर निबंधास बळ येईल. वस्तु क्षुल्लक असणें हाच येथें मुद्दा आहे, असें आम्ही म्हणूं. एमिलियेनें एक वाक्य बोललें असतें तर रुमाल पुन्हां नुसता रुमाल झाला असता. पुढच्याच प्रवेशांत डेस्डेमोना तिला विचारते कीं, तो कोठें बरें हरवला असेल. ती ठाऊक नाहीं म्हणते. लगेच ऑथेल्लो येतो, रुमालासाठीं डेस्डेमोनेवर आग पाखडतो, आणि एमिलिया तेथेंच उभी राहून तें ऐकते. तरीहि ती बोलत नाहीं. ती बोलते ती शेवटच्या प्रवेशांत, डेस्डेमोना मेल्यावर, आणि त्या बोलण्याची किंमत म्हणून नवऱ्याच्या हातून स्वतः मरते.

दोन्ही नाटकें शेजारीं ठेवण्याचा लाभ येथें ध्यानांत येतो. शकुंतलेच्या सख्यांनाहि सत्य ठाऊक असतें. दुर्वासाचा शाप अनसूया व प्रियंवदा यांच्या कानीं पडतो. प्रियंवदा त्याची समजूत घालून उःशाप मिळविते. आणि शकुंतलेचें कोमल मन दुखवूं नये म्हणून दोघी ही गोष्ट आपल्यांतच ठेवितात. निरोपाच्या वेळीं त्या तिला इतकेंच सांगतात कीं, राजानें ओळखण्यास विलंब लावला तर ही अंगठी दाखव. ‘कां’ तें सांगत नाहींत. शकुंतला त्या शब्दांनीं दचकते, पण सावध होत नाहीं. वाटेंत शचीतीर्थाच्या पाण्यांत अंगठी निसटते तेव्हां ती तिच्या लक्षांतहि येत नाहीं. एमिलियेचें मौन नवऱ्याला खूष ठेवण्यासाठीं, सख्यांचें मौन मैत्रिणीला दुःखापासून वांचविण्यासाठीं; पहिलें दुबळें, दुसरें मायाळू; परंतु दोन्ही मौनांनीं घात केला तो ज्या स्त्रीवर त्यांचें प्रेम होतें तिचाच. ज्या घरांत मुलींपासून गोष्टी त्यांच्या भल्यासाठीं लपविल्या जातात, त्या घरांतील वाचकांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाहीं.

मग एक नाटक आनंदांत आणि दुसरें रक्तांत कां संपतें? दैव, असें उत्तर बहुतेक निबंधांत मिळेल. दैवाचा भाग आहेच. मासा कोळ्याला सांपडला नसता तर शाकुंतलाचाहि शोकान्त झाला असता. पण रचनेकडे पाहिलें तर दुसरेंहि एक कारण दिसतें, तें वेळेचें. सायप्रस बेटावर आल्यापासून ऑथेल्लोच्या जीवनाचा सारा नाश अवघ्या दीड-दोन दिवसांत होतो. विचाराला, चौकशीला, पश्चात्तापाला शेक्सपिअर उसंतच देत नाहीं. कालिदास पाचव्या व सातव्या अंकांमध्यें वर्षें घालतो. तेवढ्या अवधींत मुलगा सिंहाच्या छाव्याशीं खेळण्याइतका वाढतो, आणि बाप पश्चात्तापानें झिजतो. भेट होते तेव्हां प्रथमदर्शनीं शकुंतलाच त्याला ओळखण्यास अडखळते, इतका तो बदललेला असतो. ज्यानें ओळखलें नाहीं त्याला ओळखणें आतां तिच्या हातीं आलें आहे.

ॲरिस्टॉटलनें ओळख पटण्याचे प्रकार सांगतांना खुणेच्या वस्तूवरून पटणाऱ्या ओळखीस सर्वांत कमी कलेची म्हटलें आहे. हें वाचून ‘शाकुंतला’च्या नांवांतच अभिज्ञान आहे, म्हणून तें त्या कसोटीस उतरत नाहीं, असें घाईनें लिहिणारे विद्यार्थी असतात, आणि तितक्याच घाईनें, आमच्या नाटकास परकी कसोटी लावूं नये, असें म्हणणारेहि असतात. दोघांनींहि सातव्या अंकाचा शेवट पुन्हां वाचावा. राजा ती अंगठी शकुंतलेच्या बोटांत परत घालूं पाहतो, तेव्हां ती नको म्हणते. या वस्तूवर आपला विश्वास उरला नाहीं, ती आर्यपुत्रांनींच ठेवावी, असें तिचें म्हणणें असतें. सबंध नाटक ज्या खुणेच्या नांवानें ओळखलें जातें, ती खूण नायिका शेवटीं नाकारते. म्हणजे खुणेवर अवलंबून असलेली ओळख कच्ची असते, हें कालिदासाला ठाऊक होतें. आणि तें त्यानें सिद्धान्त म्हणून न सांगतां एका लहानशा नकारांत सांगितलें.

आतां या सर्वांतून निबंधलेखनाविषयीं काय निष्पन्न होतें तें थोडक्यांत सांगूं. पहिलें हें कीं, निबंधाला विषय पुरत नाहीं, प्रश्न लागतो. ‘दुष्यंताचें स्वभावचित्र’ हा विषय आहे. ‘शापानें दुष्यंत किती निर्दोष ठरतो’ हा प्रश्न आहे. विषयावर कितीहि लिहितां येतें, म्हणूनच कांहींहि लिहिलें जातें. दुसरें हें कीं, कथानक सांगूं नये. वाचणाऱ्यानें नाटक वाचलें आहे असें धरून चालावें, आणि मुद्द्यास लागेल तेवढेंच स्थळ, अंक व प्रवेश यांसह, दाखवावें. तिसरें, नाटक हें कादंबरीप्रमाणें वाचूं नये. कोण बोलतें याइतकेंच, त्या वेळीं रंगभूमीवर आणखी कोण आहे, कोण नाहीं, आणि कोण ऐकून गप्प आहे, हें पाहावें. विदूषकाची गैरहजेरी व एमिलियेची हजेरी हीं दोन्ही केवळ संवाद पाठ करणाऱ्यास दिसणार नाहींत. चौथें, आपल्या मताच्या विरुद्ध जाणारें स्थळ स्वतःच शोधून पुढें मांडावें. पांचवें, आपण कोणती प्रत वाचीत आहों तें जाणावें. ‘शाकुंतला’च्या बंगाली पाठांत तिसरा अंक देवनागरी पाठापेक्षां मोठा आहे, आणि डेस्डेमोनेचें प्रसिद्ध गाणें १६२२ च्या ‘ऑथेल्लो’च्या प्रतींत नाहीं, १६२३ च्या संग्रहांत आहे. नसलेल्या ओळींवर उभारलेला सिद्धान्त टिकत नाहीं.

एक मर्यादाहि सांगितली पाहिजे. ब्रॅडले यांनीं १९०४ सालीं शेक्सपिअरच्या शोकान्तिकांवर जो ग्रंथ लिहिला, त्यांत पात्रांचा विचार जिवंत माणसांप्रमाणें केला आहे. त्या पद्धतीच्या अतिरेकाची थट्टा म्हणून नाइट्स यांनीं १९३३ सालीं आपल्या निबंधाला, लेडी मॅक्बेथला मुलें किती होतीं, असें नांव दिलें. थट्टा मार्मिक होती. एमिलियेचें लग्नापूर्वीचें आयुष्य आणि अनसूयेचें पुढें काय झालें हे प्रश्न नाटकाबाहेरचे आहेत. त्यांचें उत्तर पुराव्यानें देतां येत नाहीं. परंतु एमिलिया त्या क्षणीं कां बोलत नाहीं हा प्रश्न नाटकाच्या आंतला आहे. ब्रॅडलेंपासून माणूस पाहण्यास शिकावें, आणि नाइट्सपासून कोठें थांबावें तें शिकावें.

अशी चिरफाड केल्यानें रसास्वाद नाहींसा होतो, अशी तक्रार आम्हीं वारंवार ऐकिली आहे. अनुभव उलट आहे. अंगठी नाकारण्याचा प्रसंग ज्यानें वर दिलेल्या रीतीनें एकवार तपासला, त्याला सातवा अंक पुन्हां पाहतांना डोळ्यांत पाणी आल्यावांचून राहणार नाहीं; आणि ज्यानें केवळ ‘करुणाचा परिपोष’ असें लिहिलें, त्याला येथें कांहीं घडलें हेंहि कदाचित् कळलें नसेल. रस ही नाजूक वस्तु खरी, पण नीट पाहिल्यानें ती मरत नाहीं.

दोन्ही नाटकांत निवाडा चुकला तो निवाडा करणाऱ्यांना बुद्धि नव्हती म्हणून नव्हे. दुष्यंत धर्मज्ञ होता, ऑथेल्लो थोर सेनापति होता. एकाजवळ स्मृति नव्हती. दुसऱ्यानें दुसऱ्याच्या सांगण्याला आपल्या डोळ्यांची जागा दिली. ज्या विद्यार्थ्यानें नाटक न उघडतां, कोणा पुस्तकाच्या किंवा यंत्राच्या सांगण्यावरून, डेस्डेमोना भोळी व शकुंतला बेसावध असा निकाल लिहिला, त्यानें ऑथेल्लोवर चार पानें लिहिलीं असतील. पण ऑथेल्लोपासून तो कांहींच शिकला नाहीं. उद्यां हीच मुलें घरांत, कचेरींत, कदाचित् न्यायासनावरहि बसून माणसांविषयीं निकाल देणार आहेत. कोणाची बाजू न ऐकतां निकाल देऊं नये, ऐकीव गोष्टीला पाहिलेली म्हणूं नये, आणि माहीत असलेलें सत्य मायेपोटींहि दडवूं नये, इतकें जरी या निबंधांतून त्यांच्या अंगीं बाणलें, तरी तासाभराच्या त्या लेखनाचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.